अतिसममितीय प्रतिमानांतील जड बोसॉनांचा शोध

निसर्गातील प्रत्येक मूलकणाला परिवलनात अर्ध्या एककाचा फरक असलेला एक सहचर कण असतो, असे मानणाऱ्या सिद्धांताला अतिसममितीचा सिद्धांत म्हणतात. हा सिद्धांत खरा असेल, तर आज ज्ञात असलेल्या बोसॉनांखेरीज आणखी काही जड बोसॉन अस्तित्वात असले पाहिजेत. विरुद्ध दिशांनी येणाऱ्या कणशलाकांची समोरासमोर टक्कर घडवून आणणाऱ्या यंत्रांच्या (कोलायडरांच्या) साहाय्याने हे बोसॉन शोधण्याचे प्रयत्न १९८० नंतरच्या दशकांत सातत्याने चालू आहेत. २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन सापडल्यानंतर या शोधाला निश्चित दिशा मिळाली. त्याच्या सैद्धांतिक व प्रायोगिक अशा दोन्ही अंगांत मुंबई येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आणि पुण्यात जन्मलेल्या भौतिकीविज्ञ रोहिणी गोडबोले (१९५२–२०२४) यांचा महत्त्वाचा वाटा आहे.

बोसॉन आणि अतिसममिती : कणांचे परिवलन पूर्णांकी (०, १, २ इ.) असल्यास त्यांना बोसॉन आणि अर्धपूर्णांकी (१/२, ३/२ इ.) असल्यास फेर्मिऑन म्हणतात. सत्येंद्रनाथ बोस (१८९४–१९७४) यांनी १९२४ मध्ये प्रकाशाच्या पुंजांसाठी जी सांख्यिकी मांडली, तिचे पालन करणारे कण म्हणून डिरॅक यांनी बोसॉन हे नाव रूढ केले. द्रव्य ज्यांचे बनलेले आहे ते क्वार्क व लेप्टॉन (उदा., इलेक्ट्रॉन) हे फेर्मिऑन होत, तर परस्परक्रिया घडवून आणणारे फोटॉन, ग्लुऑन, डब्ल्यू व झेड हे बोसॉन होत. कणांचे द्रव्यमान त्याच्याशी तुल्य असलेल्या ऊर्जेत सांगण्याची पद्धत असून त्यासाठी अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट (संक्षेपाने अब्ज इव्हो.) हे एकक सोयीचे आहे. प्रोटॉनाचे द्रव्यमान या एककात सु. ०·९४, डब्ल्यूचे ८०·४, झेडचे ९१·२ आणि सर्वांत जड ज्ञात मूलकण असलेल्या टॉप क्वार्काचे सु. १७३ आहे [⟶ मूलकण].

बोसॉन व फेर्मिऑन या दोन जातींना एकत्र जोडणाऱ्या सममितीची कल्पना गोलफँड व लिख्टमन यांनी १९७१ मध्ये आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे व्हेस व झुमिनो यांनी १९७४ मध्ये मांडली. या कल्पनेनुसार इलेक्ट्रॉनाला शून्य परिवलनाचा सिलेक्ट्रॉन, क्वार्काला स्क्वार्क, तर ग्लुऑनाला अर्ध्या परिवलनाचा ग्लुइनो असे सहचर असतात. सममिती तंतोतंत असती, तर सहचरांची द्रव्यमाने मूळ कणांइतकीच असती आणि ते केव्हाच सापडले असते. तसे झालेले नाही. म्हणून सममिती भंगलेली असून सहचर बरेच जड असले पाहिजेत, असे मानतात.

या सिद्धांताचे आकर्षण प्रामुख्याने हिग्ज बोसॉनाशी निगडित आहे. प्रमाण प्रतिमान या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रचलित सिद्धांतात हिग्ज बोसॉनाच्या द्रव्यमानात पुंज परिणामांमुळे फार मोठ्या दुरुस्त्या संभवतात. त्या एकमेकींना नेमक्या छेदून द्रव्यमान इतके लहान का राहावे, याचे कारण त्या सिद्धांतात मिळत नाही. अतिसममितीत प्रत्येक कणामुळे होणारी दुरुस्ती त्याच्या सहचरामुळे होणाऱ्या दुरुस्तीने बहुतांशी नाहीशी होते. मात्र ही सोय सहचर फार जड नसतील तोपर्यंतच टिकते. त्यामुळे द्रव्यमानाची वरची मर्यादा काटेकोरपणे सांगता येत नसली, तरी हे कण विद्यमान यंत्रांच्या आवाक्यात असावेत, अशी अपेक्षा होती.

हिग्ज बोसॉनांचे पंचक : प्रमाण प्रतिमानात एकच हिग्ज क्षेत्र पुरते. अतिसममितीत मात्र टॉपसारख्या वरच्या आणि बॉटमसारख्या खालच्या जातीच्या क्वार्कांना द्रव्यमान देण्यासाठी दोन निरनिराळी क्षेत्रे घ्यावी लागतात. त्यांचे मिळून आठ घटक होतात. यांपैकी तीन घटक दोन्ही डब्ल्यू व झेड या बोसॉनांना द्रव्यमान देण्यात खर्ची पडतात व पाच घटक कणरूपाने उरतात. ते असे : हलका हिग्ज, त्याच जातीचा जड हिग्ज, छद्म-अदिश प्रकारचा ए-बोसॉन, आणि धन व ऋण विद्युत् भार असलेले दोन हिग्ज बोसॉन. लघुतम अतिसममितीय प्रतिमानात या पाचही कणांची द्रव्यमाने पहिल्या पायरीच्या गणितात दोनच राशींवरून ठरतात. एक राशी ए-बोसॉनाचे द्रव्यमान ही होय, तर दुसरी दोन क्षेत्रांच्या निर्वात मूल्यांचे गुणोत्तर ही होय. या गुणोत्तराला टॅन बीटा म्हणतात.

या गणिताचा एक निष्कर्ष फार महत्त्वाचा आहे. हलक्या हिग्जचे द्रव्यमान झेडच्या द्रव्यमानाहून, म्हणजे सु. ९१ अब्ज इव्हो.हून, अधिक असू शकत नाही, असे प्रथम आढळले. टॉप क्वार्क व त्याचे सहचर यांच्यामुळे होणाऱ्या दुरुस्त्या १९९१ मध्ये विचारात घेतल्यावर ही मर्यादा सु. १३०–१३५ अब्ज इव्हो.पर्यंत वर गेली. पण मर्यादा राहिलीच. या टप्प्याखाली हिग्ज बोसॉन सापडला नसता, तर लघुतम प्रतिमान तेथेच बाद झाले असते. ४ जुलै २०१२ रोजी जिनीव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेत अ‍ॅटलास व सीएमएस या प्रयोगांनी जाहीर केलेल्या बोसॉनाचे द्रव्यमान सु. १२५ अब्ज इव्हो. भरले. ते मर्यादेच्या आत, परंतु वरच्या टोकाजवळ आहे. ते एवढे असण्यासाठी टॉपचे सहचर बरेच जड असावे लागतात किंवा त्यांचे परस्परांशी मिश्रण मोठ्या प्रमाणावर व्हावे लागते. म्हणजे प्रतिमान या कसोटीला उतरले, पण त्याची मूळ सोय काहीशी उणावली.

उरलेल्या चार बोसॉनांना अशी वरची मर्यादा नाही. ए-बोसॉन जसजसा जड मानावा, तसतशी जड हिग्ज व भारित हिग्ज यांची द्रव्यमाने त्याच्या जवळ येतात आणि हलका हिग्ज प्रमाण प्रतिमानातील हिग्जसारखाच वागू लागतो. या स्थितीला विलगन म्हणतात. म्हणून सापडलेला बोसॉन प्रमाण प्रतिमानाशी जुळतो एवढ्यावरून जड बोसॉन नाहीत असे सिद्ध होत नाही. ते प्रत्यक्षच शोधावे लागतात.

निर्मिती आणि क्षय : प्रोटॉनांच्या टकरीत जड हिग्ज व ए-बोसॉन मुख्यत्वे दोन मार्गांनी निर्माण होऊ शकतात : दोन ग्लुऑनांच्या संयोगातून किंवा बॉटम क्वार्कांच्या सोबतीने. निर्माण होताच त्यांचा क्षय होतो. १२५ अब्ज इव्हो.चा बोसॉन दोन फोटॉनांत किंवा दोन झेड बोसॉनांमार्फत चार लेप्टॉनांत झालेल्या स्वच्छ क्षयांवरून ओळखला गेला. जड बोसॉनांच्या बाबतीत ही सोय नसते. ए-बोसॉनाचा झेडच्या जोडीत क्षय पहिल्या पायरीच्या गणितात होतच नाही आणि विलगनाच्या स्थितीत जड हिग्जचाही असा क्षय दबून जातो. त्यामुळे टॅन बीटा मोठा असताना बहुतेक क्षय बॉटम क्वार्कांच्या जोडीत आणि सु. एक-दशांश क्षय टाऊ लेप्टॉनांच्या जोडीत होतात. बॉटमच्या जोड्या साध्या टकरींतही विपुल निर्माण होत असल्याने त्यांत संकेत बुडून जातो. म्हणून प्रमाणाने कमी असला, तरी टाऊचा मार्ग अधिक उपयुक्त ठरतो. टॅन बीटा लहान असल्यास टॉप क्वार्कांच्या जोडीकडे लक्ष द्यावे लागते.

बॉटमशी असलेली जोडणी टॅन बीटाच्या प्रमाणात वाढते, तर टॉपशी असलेली त्याच्या व्यस्त प्रमाणात घटते. दोन्ही जोडण्या मध्यम असतात असा टॅन बीटाचा एक मधला पट्टा राहतो. तेथे निर्मितीच कमी होत असल्याने तो सर्वांत दुर्गम समजला जातो.

शोधाचे तंत्र : सर्न येथील लार्ज हॅड्रॉन कोलायडर या यंत्राचा बोगदा सु. २७ किमी. परिघाचा असून तो फ्रान्स व स्वित्झर्लंड यांच्या सरहद्दीखाली सरासरी १०० मी. खोलीवर आहे. त्यात प्रत्येकी सु. शंभर अब्ज प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला सु. चार कोटी वेळा एकमेकांतून जातात. टकरींची एकूण ऊर्जा २०१० मध्ये ७,००० अब्ज इव्हो. होती. ती २०१२ मध्ये ८,०००, २०१५ मध्ये १३,००० आणि २०२२ मध्ये १३,६०० अब्ज इव्हो.पर्यंत वाढविण्यात आली [⟶ कणवेगवर्धक]. ज्ञात हिग्ज बोसॉनसुद्धा एक अब्जाहून अधिक टकरींमागे एखादाच निर्माण होतो. सर्व टकरींची नोंद ठेवणे अशक्य असल्याने वेगवान इलेक्ट्रॉनीय साधने व संगणक यांच्या साहाय्याने निवड करून सेकंदाला हजाराच्या घरातील घटनाच साठविल्या जातात. निवडीची कसोटी आधीच ठरवावी लागते. कसोटीत न बसलेली घटना कायमची नाहीशी होते.

निवडलेल्या घटनांत क्षयजन्य कणांची ऊर्जा व संवेग मोजून मूळ कणाचे द्रव्यमान काढतात. नवा कण असेल, तर त्या द्रव्यमानाशी घटनांची संख्या अपेक्षेहून जास्त भरते व आलेखात उंचवटा दिसतो. टाऊच्या क्षयात मात्र न्यूट्रिनो निसटून जातात. त्यांचा माग संवेगाच्या अक्षय्यतेवरून काढतात. टकरीपूर्वी शलाकेच्या काटकोनातील संवेग जवळजवळ शून्य असतो. टकरीनंतर दिसणाऱ्या सर्व कणांच्या संवेगांची त्या प्रतलातील बेरीज शून्य आली नाही, तर जेवढी तूट तेवढा संवेग न दिसलेल्या कणांनी नेला, असा निष्कर्ष निघतो. अशा घटनांत द्रव्यमान नेमके मिळत नाही. म्हणून आलेखात टोकदार उंचवट्याऐवजी पसरट फुगवटा दिसतो आणि पार्श्वभूमीचा अंदाज फार काळजीपूर्वक घ्यावा लागतो.

आधिक्य केवळ योगायोगाने दिसण्याची संभाव्यता सु. ३५ लाखांत एकाहून कमी असेल, तरच शोध लागला असे मानण्याचा संकेत आहे. याला पाच सिग्मांची कसोटी म्हणतात. अनेक द्रव्यमानांच्या ठिकाणी शोध घेतला असता कोठेतरी योगायोगाने उंचवटा दिसण्याची शक्यता वाढते. तिचाही हिशेब करावा लागतो.

भारतीय सैद्धांतिक कार्य : संकेत पार्श्वभूमीतून वेगळा कसा काढावा, हे ठरविण्यात टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सिद्धांतकारांनी लक्षणीय भर घातली. गोडबोले, पाकवासा व डी. पी. रॉय यांनी १९८३ मध्ये टॉप क्वार्क ओळखण्यासाठी एक खूण सुचविली. हलक्या क्वार्कांच्या क्षयातील लेप्टॉन इतर कणांच्या झोतातच गुरफटलेला असतो. जड टॉपच्या क्षयातील लेप्टॉन मात्र झोतापासून अलग दिसतो. टॉप क्वार्क १९९५ मध्ये अमेरिकेतील फर्मी प्रयोगशाळेत सापडला. तेथील डी-शून्य प्रयोगात टाटा संस्थाही सहभागी होती.

रॉय व त्यांचे सहकारी यांनी १९९० नंतरच्या दशकात भारित हिग्जच्या शोधासाठी टाऊच्या ध्रुवणाचा उपयोग करण्याची पद्धत विकसित केली. भारित हिग्जचा टाऊ व न्यूट्रिनो यांच्यात होणारा क्षय डब्ल्यू बोसॉनाच्या तशाच क्षयासारखा दिसतो. परंतु डब्ल्यूचे परिवलन १ व हिग्जचे ० असल्याने दोहोंपासून निघणाऱ्या टाऊच्या परिवलनाच्या दिशा गतीच्या संदर्भात परस्परविरुद्ध असतात. टाऊचा पुढे पायॉन व न्यूट्रिनो यांत क्षय होतो, तेव्हा हिग्जपासून आलेल्या टाऊच्या बाबतीत न्यूट्रिनो मागे फेकला जातो आणि पायॉनाला ऊर्जेचा मोठा वाटा मिळतो. डब्ल्यूच्या बाबतीत याउलट घडते. अशा प्रकारे पायॉनाच्या वाट्याला आलेल्या ऊर्जेवरून टाऊचे मूळ ओळखण्यास मदत होते.

गोडबोले यांचे शिक्षण पुणे येथे व मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत झाले आणि १९७९ मध्ये त्यांनी अमेरिकेतील स्टोनी ब्रुक येथे डॉक्टरेट मिळविली. त्यानंतर त्यांनी टाटा संस्थेत, मुंबई विद्यापीठात आणि १९९५ पासून बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधन व अध्यापन केले. मान्युएल ड्रेस व प्रबीर रॉय यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला अतिसममितीय कणांविषयीचा ग्रंथ २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. भारत सरकारने २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

अभिज्ञातकाच्या उभारणीतील सहभाग : सीएमएस हा अभिज्ञातक सु. १४,००० टन वजनाचा असून त्याच्या मध्यभागी ३·८ टेस्ला क्षेत्र निर्माण करणारी अतिसंवाहक परिनालिका आहे. हॅड्रॉनांची ऊर्जा मोजणारी मुख्य साधने परिनालिकेच्या आत बसविलेली आहेत. तेथील जागा अपुरी असल्याने अतिशय ऊर्जावान कणांनी सुरू केलेल्या वर्षावाचा शेवटचा भाग बाहेर निसटतो. तो पकडण्यासाठी परिनालिकेबाहेर क्षणिक प्रकाश देणाऱ्या प्लॅस्टिकच्या फरशांचा बाह्य ऊर्जामापक बसविलेला आहे. त्याची उभारणी टाटा संस्थेने चंडीगढच्या पंजाब विद्यापीठाच्या सहकार्याने केली. या साधनाचे महत्त्व शोधाच्या वर वर्णिलेल्या तंत्रावरून ध्यानात येईल. वर्षावाचे शेपूट मोजले गेले नाही, तर संवेगात खोटी तूट दिसते आणि ती न्यूट्रिनोची किंवा एखाद्या नव्या अदृश्य कणाची समजली जाण्याचा धोका असतो. मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्रही सीएमएसच्या इतर भागांच्या उभारणीत सहभागी झाले. भारताला २००२ मध्ये सर्नचा निरीक्षक देश म्हणून व २०१७ मध्ये सहयोगी सदस्य म्हणून स्थान मिळाले.

आतापर्यंतचे निष्कर्ष : सर्न येथील लेप या यंत्रावर १९८९–२००० या काळात इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरी घडवून आणण्यात आल्या. तेथील एल-३ या प्रयोगात टाटा संस्थेचा भाग होता. लेपवरील प्रयोगांवरून भारित हिग्ज सु. ८० अब्ज इव्हो.हून हलका नसावा, असे ठरले. लार्ज हॅड्रॉन कोलायडरने ही सीमा बरीच पुढे नेली. टाऊच्या जोड्यांचा अभ्यास करून अ‍ॅटलास गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार एका प्रातिनिधिक प्रतिमानात ए-बोसॉनाचे द्रव्यमान १,००० अब्ज इव्हो. मानल्यास टॅन बीटाची ८ हून मोठी मूल्ये आणि १,५०० मानल्यास २१ हून मोठी मूल्ये ९५% विश्वास पातळीवर त्याज्य ठरतात. स्ट्रेंज क्वार्क असलेल्या बी-मेसॉनाचा दोन म्यूऑनांत होणारा विरळ क्षय हा अप्रत्यक्ष पुरावा आहे. टॅन बीटा मोठा असून जड हिग्ज फार जड नसते, तर या क्षयाचे प्रमाण पुष्कळ वाढले असते. सीएमएस व एलएचसीबी यांनी २०१५ मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केलेले प्रमाण अब्जात सु. तीन असून ते प्रमाण प्रतिमानाशी जुळते.

स्क्वार्क व स्लेप्टॉन हेही शून्य परिवलनाचे, म्हणजे बोसॉनच होत. सरलीकृत प्रतिमानांत टॉपचा सहचर सु. १,२०० अब्ज इव्हो.पर्यंत आणि इतर स्क्वार्क सु. १,८०० अब्ज इव्हो.पर्यंत आढळलेले नाहीत. या सीमा क्षयाविषयीच्या गृहीतांवर अवलंबून असल्याने गृहीते बदलली असता त्या शिथिल होतात.

फसवी आधिक्ये : डिसेंबर २०१५ मध्ये अ‍ॅटलास व सीएमएस या दोहोंना दोन फोटॉनांच्या घटनांत ७५० अब्ज इव्हो.च्या आसपास आधिक्य दिसले. जड हिग्जसह अनेक स्पष्टीकरणे देणारे शेकडो शोधनिबंध लिहिले गेले. ऑगस्ट २०१६ पर्यंत जमलेल्या अधिक माहितीत ते आधिक्य टिकले नाही. तो सांख्यिकीय योगायोग ठरला. याउलट, टॉपच्या जोडीत क्षय पावणाऱ्या जड बोसॉनांच्या शोधात जोडीच्या किमान ऊर्जेपाशी, म्हणजे सु. ३४५ अब्ज इव्हो.जवळ, सीएमएसला पाच सिग्मांहून अधिक आधिक्य आढळले आणि २०२५ मध्ये अ‍ॅटलासनेही त्याला दुजोरा दिला. त्याची लक्षणे छद्म-अदिश कणाशी जुळणारी होती. तथापि टॉप व प्रतिटॉप हे क्षयापूर्वी क्षणभर एकमेकांशी बद्ध होतात, असे मानल्यास नव्या मूलकणाची गरज उरत नाही आणि हेच स्पष्टीकरण अधिक सरळ समजले जाते. पहिले आधिक्य खरे नव्हते. दुसरे खरे असूनही त्यावरून नवा बोसॉन सिद्ध झाला नाही.

भावी दिशा : लार्ज हॅड्रॉन कोलायडरमधील टकरींचे प्रमाण वाढविण्याची योजना असून सुधारित यंत्र २०३० च्या सुमारास सुरू होऊन मूळ आराखड्याच्या सु. दहापट माहिती मिळावी, अशी अपेक्षा आहे. टॅन बीटाच्या मधल्या पट्ट्यात निर्मिती विरळ असल्याने त्याला ही वाढ विशेष उपयोगी पडेल. त्यापुढील यंत्रासाठी सर्नने २०२५ मध्ये ९०·७ किमी. परिघाच्या बोगद्याचा व्यवहार्यता अहवाल प्रसिद्ध केला. अमरावती ते अकोला हे रस्त्याचे अंतर साधारण एवढेच, शंभर किमी.च्या आसपास आहे, यावरून त्याच्या आकारमानाची कल्पना येईल. या बोगद्यात प्रथम इलेक्ट्रॉन–पॉझिट्रॉनांच्या टकरींतून ज्ञात हिग्जच्या जोडण्या काटेकोरपणे मोजाव्यात व नंतर प्रोटॉनांच्या टकरींतून जड बोसॉनांचा थेट शोध घ्यावा, असा विचार आहे.

एकही जड बोसॉन न सापडल्याने अतिसममिती असिद्ध ठरलेली नाही, कारण या बोसॉनांच्या द्रव्यमानाला सिद्धांत वरची मर्यादा घालीत नाही. परंतु ते जितके जड मानावे लागतील, तितके हिग्जच्या लहान द्रव्यमानाचे अतिसममितीने दिलेले स्पष्टीकरण दुबळे होते. नकारात्मक निष्कर्षांचे मोल यातच आहे. सिद्धांत खरा असल्यास तो कोणत्या मर्यादांत खरा असू शकतो, हे त्यांनी आकड्यांत सांगितले असून यापुढील शोध त्या मर्यादांपलीकडे घ्यावयाचा आहे.